राख सावडायच्या आधी

आमच्या तालुक्यात माणूस गेला की पहिल्यांदा यमाला कळतं आणि लगेच पाठोपाठ आमच्या आत्याच्या धाकट्या दिरांना. मधे दुसरं कोणी नाही. नातेवाइकांना फोन लागेपर्यंत काका अंबडच्या स्टँडवर पिशवी घेऊन उभे असतात. कंडक्टर तिकीट द्यायच्या आधी दबक्या आवाजात विचारतो, "कोण गेलं, काका?" काका गावाचं नाव सांगतात, माणसाचं सांगत नाहीत, कारण पुष्कळदा ते त्यांना ठाऊकच नसतं. त्यांना एवढंच ठाऊक असतं की त्या घरात हाताने लिहिलेली एक पोथी आहे आणि ती वाचणारा आता राहिला नाही.

काकांना मरणाची आवड आहे असं मात्र कोणी समजू नये. आमच्याकडे रीतच तशी आहे. घरातला पोथी वाचणारा म्हातारा गेला की त्या पोथीचं करायचं काय, हे कोणाला कळत नाही. अक्षर लागत नाही, टाकून देववत नाही, ठेवावी तर वाळवी लागेल आणि वर पापही. मग तिसऱ्या दिवशी राख सावडून शहागडला गंगेत सोडायला नेतात, तेव्हा पोथीही बरोबर जाते. गंगा म्हणजे आमची गोदावरी. काका कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झाले आणि अंबडच्या वाचनालयातलं हस्तलिखितांचं कपाट त्यांनी आपणहून गळ्यात घेतलं, तेव्हापासून गंगेची आणि त्यांची शर्यत लागली आहे.

पिशवीत पोथी गुंडाळायला लाल मादरपाट, सुतळी आणि वेखंडाचे तुकडे. वेखंडाने पोथीला कसर लागत नाही म्हणे. त्यामुळे काकांच्या अंगाला कायम बाळंतिणीच्या खोलीसारखा वास येतो. लग्नाच्या पंगतीत बसले तरी पहिला घास घ्यायच्या आधी शेजारच्याला विचारणार, "तुमच्या माळ्यावर काय काय हाय?" कपाटाची किल्ली करदोट्याला बांधलेली, त्यामुळे कपाट उघडायचं म्हणजे आधी सगळ्यांनी पाठ फिरवायची. पुण्याहून एकदा एक संशोधक आले होते. काकांनी त्यांना हात धुवायला लावले, उन्हात वाळवायला लावले, मग बोटांचा वास घेतला आणि म्हणाले, "चिवडा खाल्लाय तुम्ही. उद्या सकाळी या." ते बिचारे अंबडमध्ये मुक्कामाला राहिले.

वाटूरला तर फारच घाई झाली. म्हाताऱ्याचं काही खरं नाही एवढंच ऐकून काका पोचले. त्यांना दारात बघताच बायकांनी गळा काढला आणि त्या कालव्याने म्हातारा अंथरुणात उठून बसला. "अजून हाय मी! आल्या गाडीनं वापस जा." पुढे तो ठणठणीत बरा झाला आणि डॉक्टरने नाही, त्या पोथीवाल्याने मला उठवलं असं गावभर सांगत सुटला. काकांना मात्र याचं फार वाईट वाटलं होतं. तो जगला याचं नव्हे, आपण लवकर गेलो याचं.

या सगळ्यात काकांचा खरा जीव अडकला होता तो वडीगोद्रीजवळच्या एका वस्तीवर. तिथल्या मेंढपाळ आबांकडे त्यांच्या पणज्याने बोरूने लिहिलेली पोथी होती. मेंढरं कोंडून झाली की आबा ती घेऊन बसत. काका दर महिन्याला तिथे जायचे.

"आज बी मेलो न्हाई बघ," आबा लांबूनच ओरडायचे.

"मंग जित्तेपणीच दे की."

"मी हाय तवर माझी. मी गेलो की तुझी. बस, चहा घे."

असं वर्षानुवर्षं चाललं. दोघांनाही या भांडणाची इतकी सवय झाली होती की एखाद्या महिन्यात काका गेले नाहीत तर आबा कोणाकडून तरी निरोप धाडत, जिवंत असल्याचा.

मागच्या उन्हाळ्यात आबा गेले. मीच काकांना मोटारसायकलवरून वस्तीवर घेऊन गेलो. पिशवी होती. पोथीही समोरच्या फळीवर दिसत होती. पण काका आबांच्या पायाशी जे बसले ते उठेनात. एवढ्या मयतींना गेलेला हा माणूस त्या दिवशी लहान पोरासारखा रडला. शेवटी आबांच्या मुलानेच त्यांना पाणी पाजलं. येताना पिशवीत पोथी नव्हती. मला वाटलं, मुलाशी बोलणं झालं असेल. घरी आल्यावर तापाने पडले, आणि चौथ्या दिवशी ताप उतरला तसे ताडकन उठले. पोथी मागायचीच राहिली होती.

आम्ही पुन्हा वस्तीवर गेलो. मुलगा चांगला माणूस. त्याने खाट टाकली आणि समाधानाने सांगितलं, "काका, आबाची पोथी बी गंगेला देऊन आलो. तुमचीच वाट बघून राह्यलो व्हतो. पर तुम्ही त्या दिशी काहीच बोल्ले न्हाई, मंग वाटलं, आता तुम्हाला नको असंल."

"बराबर केलं," काका म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

परतताना त्यांनी मला रस्त्याकडेच्या लिंबाखाली गाडी थांबवायला सांगितली. उतरून मातीतच बसले. मी भीतभीत विचारलं, "काका, होतं तरी काय त्या पोथीत?"

"मला काय माहीत?"

मला खरंच वाटेना. इतकी वर्षं ज्या पोथीमागे हिंडले, तिच्यात काय आहे हे यांना माहीत नाही?

"तो म्हणायचा, घडीभर बस, वाचून दाखवतो. गळा चांगला व्हता म्हणे त्याचा. मी म्हणायचो, तू नुसती दे, मी लायब्ररीत आरामात वाचीन. गाडी जाईल म्हणून उठायचो." काकांनी मातीत बोट फिरवलं. "मरताना त्याला वाटलं असंल, ह्याला माझी पोथी पाहिजे व्हती. मी न्हाई."

"असं कसं? किती रडलात तुम्ही त्यांच्यासाठी. पोथीसुद्धा विसरलात."

"ते त्याला कुठं दिसलं, बाबा?"