हलका हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही — आणि ह्यांना तर मी दुधात पाणी किती घातलं तेही सांगते. तुम्हालाच का सांगते आहे? नीट सांगता येणार नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं एकच कारण सुचतंय, आणि तेही खरं असेलच असं नाही.

मी सांगलीला शाळेत मराठी शिकवत होते. खोटं बोलणाऱ्या पोरांना बाकावर उभं करणारी बाई म्हणून माझी ख्याती होती. हसा, हसलात तरी चालेल.

गोष्ट आण्णाची आहे. आण्णा माझा थोरला भाऊ. आमचं गाव वडूजकडचं. गावात दवंडी द्यायचं काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडं होतं. छप्पन साली वडिलांनी धम्म घेतला आणि दवंडीचा डफ फोडून चुलीत घातला. आता ह्या घरात कुणाच्या हुकमानं काही वाजणार नाही, म्हणाले. आणि थोरला मुलगा गेला कुठं? फौजेत — तोही बँडमध्ये! क्लॅरिनेट वाजवायचा. तिथं तर फुंकरसुद्धा हुकमावर मारायची. वडील बरेच दिवस त्याच्याशी धड बोलत नव्हते.

कुठल्याशा छावणीत अफसरांच्या मेसमधल्या जुन्या रेकॉर्ड वाटून टाकल्या. नाचाच्या आणि गाण्याच्या बाकीच्यांनी उचलल्या. आण्णाच्या वाट्याला उरल्या त्या युरोपातल्या नव्या संगीताच्या. नवं म्हणजे कसलं? माझ्या कानांना विचाराल तर आधी भांड्यांची मांडणी कोसळते, मग बराच वेळ काहीच होत नाही, मग कुणीतरी व्हायोलिनच्या तारेवर नख ओढतं. पण आण्णा त्यात गुंतला तो गुंतलाच. सुभेदार म्हणून निवृत्त होऊन साताऱ्यात राहिला, एका शाळेच्या बँडला शिकवू लागला आणि असल्या रेकॉर्ड जमवू लागला. त्यातही अट अशी, की रेकॉर्ड मोठ्या नावाजलेल्या कंपनीचीच हवी. "येवढी मोठी कंपनी, ती काय येड्यागत कायबी छापंल व्हय?" असं त्याचं म्हणणं. संगीतकारांची नावं त्याच्या जिभेवर बसत नसत, कंपन्यांची मात्र तोंडपाठ होती.

ह्यात तुला ऐकू काय येतं, असं मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "सुमे, ह्यात म्होरं कुणी बसायचं आन् लांब कुणी हुबं ऱ्हायचं, ह्ये आजून ठरल्यालं न्हाई."  

नव्वदनंतरची ती वर्षं. कॅसेटी तर घरोघर होत्याच, सीडी नुकत्या येऊ लागल्या होत्या, आणि मुंबईतली दुकानं रेकॉर्ड काढून टाकत होती. एका रेकॉर्डच्या मागे आण्णा कित्येक वर्षं होता. मला शिक्षकांच्या प्रशिक्षणाला मुंबईला जायचं होतं. त्यानं कंपनीचं नाव माझ्याकडून घोकून घेतलं, कव्हर कसं असेल ते सांगितलं, आणि वर बजावलं — "घावली तर तशीच आण. तू पिन लावू नगंस."

घावली. प्लॅस्टिकमध्ये बंद, कोरी. ती घेऊन मी आधी सांगलीला घरी आले. आणि — का? — एका दुपारी घरात कुणी नसताना प्लॅस्टिक फाडलं आणि ह्यांच्या जुन्या प्लेअरवर ती लावली. मला सगळ्यांच्या आधी ऐकायची होती? आण्णाला जे कळतं ते मला, शिकलेल्या बाईला, का कळत नाही, ह्याचा राग होता? की नुसती खाज? बराच वेळ काही वाजलंच नाही, म्हणून मी आवाज वाढवला. आणि स्पीकरमधून एकदम कुणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडावं तसं काहीतरी आलं. शेजारच्या काकू "काय झालं गं?" करत दाराशी धावल्या. मी घाबरून पिनेची दांडी धरली आणि ओढली. खर्रकन.

चरा केसाएवढा. उजेडात तिरकी धरली तरच दिसेल असा.

पण हा झाला अपघात. अपघाताची कबुली द्यायला मी इथं बसलेली नाही. म्हणजे इथवर मी तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही — बघा, अजून टाळतेच आहे.

साताऱ्याला गेले तेव्हा सांगणार होते. एसटीत वाक्यसुद्धा जुळवलं होतं. दारात आण्णानं रेकॉर्ड दोन्ही हातांनी घेतली, तान्हं मूल घेतात तशी. प्लॅस्टिक कुठं गेलं, त्यानं विचारलं. दुकानदारानं दाखवायला उघडली, मी म्हणाले. हे पहिलं खोटं. की गप्प राहून सांगलीहून निघाले तेच पहिलं? पिन ठेवताना त्याचा हात किंचित थरथरला. आनंदानं. हे लक्षात ठेवा, मी पुढं ह्याचाच उपयोग केला.

चऱ्याची ती जागा आली. पिन अडकली. तेच दोन स्वर, पुन्हा तेच, पुन्हा तेच — मी तोंड उघडलं आणि आण्णानं हात वर केला. "गप. आयक." सात-आठ फेऱ्यांनंतर पिन आपोआप पुढं सरकली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, "बग की. त्येच त्येच म्हणतंय, आन् दर टायमाला येगळंच वाटतंय."

वर्गात एखादं पोर तेच तेच बोलायला लागलं की मी म्हणायचे, तुझी पिन अडकली का रे? लहान पोरांनाही कळतं ते. आण्णाला कळू नये? पण रेकॉर्ड कोरी होती, कंपनी मोठी होती, आणि आणलेली बहिणीनं होती. शंका घ्यायला त्याच्याकडं जागाच नव्हती. आणि मला — खरं सांगू? — सुटल्यासारखं वाटलं. नंतर तर मलाही ती जागा आवडायला लागली. हे कसं, ते मला कळत नाही.

साताऱ्यातल्या एका प्राध्यापकांकडं दर महिन्याला रेकॉर्ड ऐकायला मंडळी जमत. आण्णा तिथं मागच्या रांगेत बसायचा. एकदा त्यांनी त्यालाच सांगितलं, सुभेदार, ह्या वेळी तुम्ही ऐकवा. आण्णानं शर्टाला कडक इस्त्री केली. मला सांगलीहून बोलावून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा तो पुढं बसला, आणि त्या जागेच्या जरा आधी बोट वर करून म्हणाला, "आता हितं ध्यान द्या."

दोन स्वर. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

"अहो, पिन अडकलीय!" कुणीतरी म्हणालं, आणि खोली हसली. दुष्टपणानं नाही. आपण हसतो तशीच. आण्णा म्हणाला, "न्हाई, न्हाई. त्ये तसंच हाय." मग तर जास्तच हसले. प्राध्यापक हसले नाहीत. त्यांनी अलगद दांडी उचलली, रेकॉर्ड ट्यूबलाइटखाली तिरकी धरली आणि आण्णाला चरा दाखवला.

आण्णानं बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडं वळून विचारलं. संशयानं नाही हो, नुसतं विचारलं. "सुमे, आणलीस तवा हुता का गं ह्यो?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "नाही आण्णा. आणली तेव्हा स्वच्छ होती. तुझाच हात थरथरला होता लावताना."

हे ते. हे सांगायचं होतं.

मी गप्प राहू शकले असते. आठवत नाही, म्हणू शकले असते. तो थरथरलेला हात मला इतक्या झटकन कुठून सापडला? आण्णानं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं आणि म्हणाला, "आसंल. पयल्याच दिशी लागला आसंल." आणि त्या लोकांची माफी मागितली.

त्यानंतर त्यानं क्लॅरिनेटची पेटी बंद केली. शाळेच्या बँडला जायचं सोडलं. पोरांसमोर बोटं चुकली तर काय करू, म्हणायचा. मी त्याला मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. हो, मीच नेलं. डॉक्टरांनी त्याला बोटं पसरायला लावली, डोळे मिटून नाकाला लावायला लावली, आणि हात ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं. रिक्षात आण्णा म्हणाला, "डाक्टर चांगला माणूस हाय. मन राखाया बोलला." मी शेजारी बसले होते. त्याचे हात मांडीवर होते, स्थिर. तेव्हा का नाही बोलले? कशाची भीती होती? तो रागावला नसता. हसला असता बहुतेक. मी ह्यावर इतका विचार केलाय की आता उत्तर आलं तरी ते माझंच रचलेलं असेल.

पुढं कधीतरी मला वाटायला लागलं, की त्याला माहीत असावं. मग वाटलं, तसं वाटून घेणं मला सोयीचं आहे.

एका उन्हाळ्यात तो सगळ्या रेकॉर्ड घेऊन सांगलीला आला. त्या खोक्यांवर हात ठेवून म्हणाला, "तूच सांबाळ. तुजा हात हलका हाय."

मग तो ऐकायला माझ्याकडं यायचा, वारेपर्यंत येत राहिला. खुर्चीत बसायचा, हात काखेत दाबून. ती रेकॉर्ड तो दर वेळी मागायचा. ती जागा यायची, पिन अडकायची, आणि तो सवयीनं हात पुढं करायचा आणि तसाच मागं घ्यायचा. "सुमे, तूच बग गं."

मी उठायचे. दांडी उचलायचे आणि चऱ्याच्या पुढं ठेवायचे. माझा हात एकदाही थरथरला नाही.