अप्पांनी घासलेलं पिस्तूल

माझे वडील, आमचे अप्पा, खडकीला लष्करी सामानाच्या कारखान्यात तपासणीला होते. दुसऱ्यांनी केलेला तुकडा मोजायचा, बरोबर असला तर पुढे पाठवायचा, नसला तर परत. एवढंच काम, निवृत्त होईपर्यंत. त्यांच्या खात्याचा एक दंडक होता. मोजणाऱ्यानं कानशीला हात लावायचा नाही. केसाएवढी चूक दिसतेय, दोनदा घासलं की जाईल हे कळतंय, तरी मुकाट्यानं परत करायचं. जन्मभर लोकांच्या चुका काढल्या, स्वतःच्या हातानं एक वस्तू केली नाही, असं ते म्हणायचे. आई गेल्यावर ते धायरीला माझ्याकडे राहायला आले, तेव्हापासून हे जरा जास्तच म्हणायला लागले.

मग कुठल्याशा प्रदर्शनात त्यांनी चकमकीचं पिस्तूल पाहिलं. काडतुसं यायच्या आधीची ही पिस्तुलं. वर हातोडीसारखा घोडा, त्याच्या तोंडात गारगोटीचा तुकडा आवळलेला, चाप ओढला की तो पोलादी पट्टीवर आपटतो आणि ठिणगी पडते. घरी आल्यावर पेपरच्या कडेवर अप्पा त्याची चित्रं काढायला लागले. हात तोवर थरथरायला लागला होता, त्यामुळे चित्रातलं पिस्तूलही थरथरत असायचं. तसलं एक स्वतः बनवायचं, हात चालतोय तोवर, एवढंच त्यांनी मनावर घेतलं होतं.

शनिवार पेठेत नाटकांना, मिरवणुकांना शस्त्रं पुरवणारं एक दुकान आहे. त्यांची पिस्तुलं दिखाऊ असतात. नळी बंद, बार उडत नाही, ठिणगी तेवढी पडते. मी अप्पांना तिथे घेऊन गेले. दुकानदार पेपरमधून मान वर न करता म्हणाले, घ्यायचं ठरवून आला असाल तर दाखवतो. मग त्यांनी तीन प्रकार सांगितले. एक कारखान्यातलं तयार. दुसरं कारागिराकडून मापानं करून घ्यायचं, त्याला पाचसहा महिने. आणि तिसरं म्हणजे नुसतं खोकं. त्यात ओबडधोबड लाकडी मूठ, न घासलेले सुटे भाग आणि एक कागद. बाकी तुमचं तुम्ही बघा.

अप्पांनी खोक्यावर हात ठेवला. मला आजही तो हात दिसतो.

मला मात्र दिसत होती रोजची बशीत सांडणारी चहाची धार. घरभर लोखंडाचा कीस, बोटाला जखम, मग डॉक्टर, मग माझी रजा. मी दुकानदारासमोरच म्हणाले, "अप्पा, स्वतःचा हात बघा जरा. तयार घेऊ या."

त्यांनी हात खिशात घातला. "बरं," म्हणाले. "तू म्हणशील तसं."

तयार पिस्तूल घरी आलं. चकचकीत, देखणं. अप्पांनी चाप ओढला, ठिणगी पडली नाही. दहा वेळा ओढला, नाहीच. गारगोटी पट्टीवर तिरकी आपटतेय, घोड्याचा जबडा एका बाजूला वर आहे, असं त्यांनी निदान केलं. मी म्हटलं, शोकेसमध्ये ठेवायचंय, तुम्हाला काय कोणावर स्वारी करायचीय?

पंधरा दिवसांनी मी ऑफिसातून दुपारीच परत आले. अप्पा गॅलरीत जमिनीवर बसलेले, समोर पेपर पसरलेला आणि त्यावर पिस्तुलाचे सगळे भाग सुटे. ठेवायची जागा नाही इतके स्क्रू. हातात कानस. घोडा दोन तळपायांत घट्ट धरून ते घासत होते. कपाळावर घाम आणि चेहरा असा खुललेला, की आई असताना तिनंही तसा पाहिला नसेल. माझं डोकं फिरलं. चांगल्या वस्तूचं वाटोळं केलंत, मी म्हणाले. आणखीही बरंच बोलले, ते इथे लिहिवत नाही. त्यांनी निमूटपणे सगळे तुकडे डब्यात भरून माझ्या हातात दिले.

डबा घेऊन मी शनिवारी दुकानात गेले. दुकानदारांनी पिस्तूल जोडलं. जोडता जोडता घोडा चष्म्याजवळ नेऊन बराच वेळ पाहिला आणि चाप ओढला. भर उजेडातसुद्धा दिसावी अशी ठिणगी पडली.

"हे कोणी घासलंय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, वडिलांनी, तेच तर बिघडवून ठेवलंय.

"बिघडवलंय?" ते म्हणाले. "बाई, हे बनवणाऱ्याला जमलं नाही ते तुमच्या वडिलांनी केलंय. सांगा त्यांना."

त्या गृहस्थाच्या तोंडून कौतुक म्हणजे काय, हे पेठेतल्या माणसाला सांगायला नको.

आणि मी सांगितलं नाही. गाडी चुकीच्या जागी लावली म्हणून उचलून नेली होती, ती सोडवण्यात दुपार गेली, मी तापलेली होते. शिवाय खरं सांगायचं तर मला हार मानायची नव्हती. घरी येऊन पिस्तूल शोकेसमध्ये ठेवलं आणि म्हणाले, झालंय नीट, आता हात लावू नका. अप्पांनी मान हलवली. माझा राग उतरला की सांगू, असं मी मनात धरलं होतं. मग ऑडिट आलं, दिवाळी आली. थंडीत अप्पा तापानं आजारी पडले आणि आठवड्यात गेले. तोवर त्यांनी पिस्तुलाला बोटही लावलं नव्हतं. आपण बिघडवलेलं दुकानदारानं निस्तरलं, असंच ते समजून चालले होते.

हल्ली रोज सकाळी चहा झाला की मी ते शोकेसमधून काढते आणि एकदाच चाप ओढते. ठिणगी पडते. अजून एकदाही चुकली नाही. तुम्ही केलीत हो अप्पा ही, असं मी मोठ्यानं म्हणते. पाचच शब्द आहेत, आणि ते ऐकायला तुम्ही शेजारच्या खोलीत चांगले दोन महिने होतात.