पलीकडचा मेजर

"त्यांच्या पलटणीत लगीन कुणाचं झालं तेवढं सांगा, तोफा कुठं हायत ते म्या सांगतो," असं दगडोबा एकदा म्हणाला होता. ऐकणारे हसले होते.

दगडोबा ढोकीजवळच्या खेड्यातला, निजामाच्या शाळेत उर्दू शिकलेला. पासष्टच्या लढाईनंतर फौजेनं त्याच्या हातातली बंदूक काढून घेतली आणि पुढ्यात पाकिस्तानची वर्तमानपत्रं टाकली. पुढची लढाई होईपर्यंत तो तीच वाचत बसला. बदल्या, निकाह, मयती, हॉकीचे सामने. पलटणीचा संघ नव्या गावात खेळला, म्हणजे पलटण तिथं हलली. साहेब वैतागायचे. त्यांना रणगाडे हवे असत, हा गोलकीपर कोण ते सांगायचा.

तो गोलकीपर म्हणजे एक मेजर. त्याचं लग्न, बढती, आईची मयत, सगळं दगडोबाला भावकीपेक्षा जास्त ठाऊक. एकाहत्तरला तो मेजर एका पुलावर हटला नाही, तिथंच मेला. तेही दगडोबानं पेपरातच वाचलं.

पेन्शन घेऊन गावी आला तर दुष्काळ. विहिरीत गाळसुद्धा वाळलेला. सोसायटीच्या धान्यगोदामाला राखणदार हवा होता. सव्वीस जानेवारीला चेअरमन आबारावांनी त्याचा सत्कार ठेवला.

"तिथं हॉकी सांगत बसू नका," बायको सत्यभामा म्हणाली. "म्हणतील त्याला व्हय म्हणा."

हार घातल्यावर आबाराव म्हणाले, "सुभेदार, पाकिस्तानी कसे पळाले ते सांगा लोकांना."

"सगळे न्हाय पळाले. लई चिवट व्हते."

संचालक हणमंतप्पा मागून म्हणाला, "एवढी वर्सं त्यांचंच पेपर वाचलं. एखादा जावई केला का न्हाय तिकडचा?"

मंडळी खदखदली.

"ते पेपर वाचले म्हणून तुमी इथं जिलेबी खाताव," दगडोबा म्हणाला. "पळाले म्हणता, मग आपली माणसं कशानं मेली? पाय घसरून?"

हसू थांबलं. आबाराव त्याच्या कानाशी वाकले. "कशाला ताणता? भित्रे होते, एवढंच म्हणा. टाळ्या पडतील. उद्यापासून गोदामाची किल्ली तुमच्याकडं."

बायकांत बसलेल्या सत्यभामेला ते ऐकू गेलं नसावं, पण समजलं. तिनं लांबूनच मान हलवली. म्हणा.

दगडोबानं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग गळ्यातला हार काढला, खुर्चीवर ठेवला आणि सतरंजीच्या कडेकडेनं, कुणाला पाय लागू न देता, दाराबाहेर गेला.