सुल्माच्या खणातली माणसं

माणसं लक्षात ठेवायला कागद कशाला लागतो, असं म्हणणाऱ्यांचा सुल्मा बेंतांकोरला भारी राग. "ज्यांची माणसं कुणी हिसकावून घेतली नाहीत, त्यांनाच ही मिजास परवडते," असं ती तोंडावर सुनवायची. मेर्सेदेस गावच्या ग्रंथालयात तिची उभी हयात गेली, मधली नऊ वर्षं सोडून. ती नऊ वर्षं लष्कराने खाल्ली.

त्या काळात आमच्याकडे लष्कराचं राज्य होतं आणि प्रत्येकाला त्यांच्याकडून एक अक्षर मिळालं होतं. ए म्हणजे भरवशाचा, बी म्हणजे संशयातला आणि सी म्हणजे कामातून गेलेला. सुल्माला सी मिळालं. का, ते कुणी सांगितलं नाही आणि विचारायची सोय नव्हती. शहात्तर साली नोकरी गेली आणि नोकरीमागोमाग माणसं गेली. तिच्याशी बोलताना दिसलं तर आपलंही अक्षर बदलायचं, ही भीती खरीच होती. सगळ्यांना पोरंबाळं होती. हे तिला कळत होतं, तरी बोचायचं ते बोचलंच. तिने नऊ वर्षं घरी बसून लोकांचे स्वेटर विणले आणि एकटीने माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, प्यायली. मातेचा तुंबा चारचौघांत हातोहात फिरवायचा असतो. तिच्या हातातला तिच्याच हातात परत यायचा.

पंच्याऐंशी साली लष्कर गेलं आणि नोकरी परत मिळाली. पहिल्याच आठवड्यात बेकरीत इल्दा भेटली, गळ्यात पडली. सुल्मा आनंदाने म्हणाली, "आणि नवरा काय म्हणतोय तुझा? अजून तसाच घोरतो का?" इल्दाचे हात तिच्या गळ्यावरून सुटले. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. सुल्माला कुणी कळवलंच नव्हतं.

घरी येऊन ती आधी शरमेने रडली आणि मग भडकली. नऊ वर्षं नेली ती नेली, वर माणसांशी दोन शब्द बोलायची अक्कलही घेऊन गेले? तेवढी तरी त्यांच्याकडे राहू द्यायची नाही, असं तिने ठरवलं.

ग्रंथालयात जुन्या यादीची रद्द झालेली कार्डं पडून होती, मागची बाजू कोरी. एका मोडक्या कपाटाचा लांब खणही होता. दोन्ही ती घरी घेऊन आली. एका माणसाला एक कार्ड. वर नाव, खाली घरात कोण कोण आहे, माते कडू पितो की साखर घालून, मागच्या वेळी काय बोलणं झालं, पुढच्या वेळी काय विचारायचं. कार्डं नावाच्या क्रमाने लावायची नाहीत, हे तिने पहिल्याच दिवशी ठरवलं. नावाने लावली की माणूस तिथेच झोपून राहतो. खणात तिने बारा महिन्यांचे बारा पुठ्ठे घातले. भेट झाली की कार्ड पुढच्या भेटीच्या महिन्यामागे सरकायचं. महिना उजाडला की त्यातली कार्डं बाहेर, आणि सुल्मा पायात चपला अडकवून रस्त्यावर. नियम एकच होता. ज्याचं कार्ड त्याला मोठ्याने वाचून दाखवता येणार नाही, असं काही लिहायचं नाही. हा नियम तिने फक्त एका कार्डापुरता मोडला होता.

दोन वर्षांत तिने चाळीस माणसं परत मिळवली. महिन्याच्या एकोणतीस तारखेला घरोघरी न्योकी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या गोळ्या, होतात, त्या दिवशी तिच्या टेबलाला खुर्च्या पुरेनाशा झाल्या.

मग बेबाने खण उघडला. बेबा तिची शाळेपासूनची मैत्रीण. कात्री शोधत होती आणि हाती माणसं लागली.

"हे काय आहे, सुल्मा?"

"माझी माणसं आहेत. ठेव जागेवर."

"माणसं?" बेबाचा आवाज चिरकला. "माझ्या भावाला लष्कराच्या चौकशीत काय वाचून दाखवलं होतं, विसरलीस? वाढदिवसाला कोण आलं, काय प्यायलं, किती वाजता गेलं. असंच कार्ड होतं ते! आणि तू घरात बसून तेच लिहितेस?"

"अगं, मी गुडघा दुखतो का ते विचारायला लिहिते."

"त्यांनीही आधी गुडघ्याचंच विचारलं होतं. जाळून टाक. आत्ता, माझ्यासमोर."

"नाही जाळणार."

बेबा दार आपटून गेली. तिच्या जिभेला हाड नव्हतं. दोन दिवसांत गावभर झालं, की सीवाली सुल्मा लोकांच्या फायली ठेवते. एकोणतीस तारखेला अकरा जणांची ताटं मांडलेली होती. एक वाजला, दीड वाजला. कुणी फिरकलं नाही. पुन्हा तेच, सुल्माच्या मनात आलं. पुन्हा मी एकटी, आणि या वेळी बंदूकसुद्धा लागली नाही.

तिने गॅस बंद केला आणि अंगावरच्या एप्रनसकट खण काखेत मारून थेट बोचासच्या, म्हणजे चेंडू फेकायच्या खेळाच्या, क्लबात गेली. जेवणवेळी निम्मं गाव तिथे असतं. तिने पत्त्यांच्या टेबलावर खण आदळला तसे खेळणारे थांबले.

"घ्या! ज्याचं त्याने काढा, वाचा. पटलं नाही तर खोडा, घरी घेऊन जा. पण जाळायचं नाव कुणी काढायचं नाही."

"का नाही काढायचं?" कोपऱ्यातून बेबा उठली.

"कारण मी एकदा जाळलंय. पंच्याहत्तर साली धाडी पडत होत्या, तेव्हा पत्त्यांची वही मोरीत धरून जाळली. तुमच्यातल्या निम्म्यांनी जाळली. माझी मैत्रीण आमपारो आधीच स्वीडनला पळाली होती, तिचा तिथला पत्ता त्या वहीत होता. बारा वर्षं झाली, ती जिवंत आहे की नाही मला ठाऊक नाही. त्यांनी कागद केले ते माणसं तोडायला. मी करते ती जोडायला. कागदावर काय त्यांचीच मालकी आहे? माझी माणसं मी पुन्हा जाळणार नाही!"

इल्दा पुढे झाली, आपलं कार्ड काढून तिने वाचलं आणि म्हणाली, "साखर दीड चमचा लिहिलीयस. मी आता एकच घेते," आणि जागेवर ठेवलं. तिघांनी आपापली कार्डं खिशात घातली. सुल्माने अडवलं नाही. बेबाने आपलं काढलं, न वाचताच चार तुकडे केले. तेही सुल्माने करू दिलं.

शेवटी औषधांच्या दुकानाचे वाल्देमार आले. सुल्माचा हात नकळत खणावर गेला.

"माझं आहे?"

"आहे. पण ते वाचायला घेतलं नाहीत तर बरं."

"सुल्माबाई, आत्ताच मोठ्या तोंडाने म्हणालात ना, ज्याचं त्याने?"

तिने हात काढला. कार्डावर एकच ओळ होती. 'सत्त्याहत्तर, चौकात मला पाहिलं आणि रस्ता ओलांडला.' त्याखाली दोन वर्षांचे महिने होते, प्रत्येकापुढे 'भेटायचं' लिहिलेलं आणि प्रत्येक खोडलेलं.

वाल्देमारांचे कान लाल झाले. "खोडा हे," ते हळूच म्हणाले.

"नाही खोडणार. खरं आहे ते."

"माझीही बाजू होती."

"असेल. ती मला कुणी सांगितली नाही. खाली जागा आहे, लिहा."

त्यांनी पेन मागून घेतलं. उभ्याउभ्या लिहिलं, कार्ड तिच्यापुढे धरलं आणि म्हणाले, "वाचा. मोठ्याने वाचा."

सुल्माने वाचलं. "घाबरलो होतो. घरी जाऊन बायकोला सांगितलं, आज मी सुल्माला जिवंतपणी मारून आलो."

तिचा आवाज फाटला, पण तिने शेवटपर्यंत वाचलं. मग कार्ड खणात परत ठेवलं.

बेबा अजून उभीच होती, मुठीत चार तुकडे धरून. ती टेबलापाशी आली.

"एक कोरं दे मला," ती गुरकावली. "पण मी लिहिणार. माझ्याबद्दल तू एक अक्षर लिहायचं नाहीस."

सुल्माने कोरं कार्ड तिच्यापुढे सरकवलं.

"लिही. आणि अक्षर जरा नीट काढ."