बाराशे चारचे पाहुणे

अख्ख्या कांदिवलीत माझ्या मैत्रिणीच्या बाबांइतके पाहुणे कुणाकडे येत नसतील, आणि त्यांतल्या एकानेही कधी त्यांच्या घरचा चहा घेतलेला नाही. काका जन्मभर सरकारी नगररचना खात्यात होते. आमच्या वसाहतीचा नकाशा काढणाऱ्यांत तेही होते. मागच्या वस्तीपासून मैदानाच्या कडेने थेट बाजारापर्यंत जाणारा रस्ता त्यांनी हट्टाने त्यात घातला होता. साहेब, शिपाई, वस्तीतली माणसं, सगळ्यांनी एकाच रस्त्याने जायचं आणि एकमेकांना तोंडओळखीने तरी ओळखायचं, ही त्यांची वसाहतीची व्याख्या. "रस्ता म्हणजे काय गं? जिथे 'कुठे चाललास' असं फक्त ओळखीचा माणूस विचारतो, तो!" हे ते जिलबी खाताना सांगत, केस कापून घेताना सांगत, आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरसमोर आ वासलेला असतानाही त्यांनी ते सांगून पाहिलं.

मग पुनर्विकास आला. जुन्या इमारतींचे टॉवर झाले, भोवती भिंत आली, पुढे-मागे फाटकं आणि फाटकांवर वॉचमन. रस्ता आत अडकला. वस्तीतल्या पोरांना शाळेसाठी आणि म्हाताऱ्यांना दवाखान्यासाठी हायवेचा वळसा! मी संतापून पत्रक छापलं: 'रस्ता कुणाच्या बापाचा?' काकांनी ते चष्मा पुसून वाचलं. "झकास आहे. पण फाटक वाचत नाही ना," म्हणाले, आणि मागच्या वस्तीत जाऊन दिसेल त्याला आपला फ्लॅट नंबर सांगून आले.

आमच्याकडे पाहुणा आला की फाटकावरून मोबाईलवर विचारणा होते. हो म्हटलं की आत. काका सगळ्यांना हो म्हणायचे. दाढीचा फेस पुसून, एकदा तर श्राद्धाच्या पानावरून अर्धवट उठून. वस्तीतली कोळीण मावशी मासळीची पाटी सावरत ऐटीत सांगायची, "बाराशे चार. भावाकडं चाललंय!" आणि पुढच्या फाटकातून बाजारात. सोसायटीचे चेअरमन चिडले, "काका, तुमचे पाहुणे वर येतच नाहीत!" काका म्हणाले, "हल्ली कुणाला वेळ असतो, यार?"

कमिटीने नियम काढला: पाहुण्याला फाटकावरून रहिवाशानेच न्यायचं आणि आणायचं. एवढं डोकं कधी माणुसकीत चालवलं असतं तर! काका खाली उतरले. दुखऱ्या गुडघ्यांनी एकेकाला या फाटकातून त्या फाटकापर्यंत सोडू लागले, वर वाटेत प्रत्येकाच्या घरची चौकशी. मैत्रीण ओरडायची, "बाबा, वाट लागेल गुडघ्यांची!" लागलीच. एका सकाळी ते मैदानाच्या कडेला बसले ते उठेचनात. वस्तीतल्या दोघांनी धरून त्यांना लिफ्टपर्यंत आणलं.

दुसऱ्या दिवसापासून बाराशे चारकडे कुणी आलं नाही. मावशी मला हायवेच्या कडेने पाटी घेऊन जाताना दिसली. म्हटलं, "मावशी, काका खाली थांबलेत, चला ना."

"नको गो बाय," ती म्हणाली. "त्या म्हाताऱ्याला किती चालवायचं? आमचे पाय हायेत अजून."

भांडायचं तरी कुणाशी? कमिटीशी मी अजून भांडते, पण हिच्याशी काय भांडणार?

काका अजून सकाळी चपला घालून मागच्या फाटकापाशी येतात. वॉचमन त्यांना आपली खुर्ची देतो. परवा मी शेजारी उभी होते. "शाळेला सुट्टी लागली वाटतं," ते म्हणाले.

"हो काका," मी म्हटलं.

शाळा चालू होती. भिंतीपलीकडून पोरांचा गलका हायवेच्या दिशेने लांब लांब जात होता, आणि तो आम्ही दोघंही ऐकत होतो.