सोनमाशाचं जेवण

काल मनीप्लांटची बाटली धुताना पाण्यात डासांच्या अळ्या वळवळताना दिसल्या, आणि मला पेठ गावातल्या आपल्या घराचं अंगण आठवलं.

तेव्हा तुमची आई, नंदू, दहा वर्षांची होती. तिच्या दोन सोनमाशांपैकी एक मेला होता आणि दुसरा दुकानातल्या कोरड्या दाण्यांना तोंड लावत नव्हता. त्याला जिवंत खाणं हवं, असं मी वाचलं होतं. म्हणून अंगणात पाण्याचा एक माठ मुद्दाम उघडा ठेवून त्यात अळ्या होऊ दिल्या.

डास होऊ नयेत म्हणून गावात आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळत. साठवलेलं सगळं पाणी ओतून टाकत. अशाच एका कोरड्या दिवशी शेजारच्या हौसाबाई माठात डोकावल्या.

"बाई, सारं गाव डास मारतंय, आन तुमी पाळताय व्हय?"

तेव्हा मी ओशाळले होते; आज आठवून हसू येतं.

"मासा उपाशी आहे हो," मी म्हटलं.

त्यांनी काचेच्या टाकीतल्या मरगळलेल्या माशाकडे पाहिलं, पदर खोचला आणि माठातलं पाणी फडक्यातून गाळलं. नंदूनं ते फडकं टाकीत झटकलं. मासा जरा हलला, त्यानं एक अळी गिळली आणि लगेच दुसरीच्या मागे लागला.

पुढच्या कोरड्या दिवशी गल्लीतल्या बायका ओली फडकी घेऊन दारात हजर. "पावण्याचं जेवान आणलंय," हौसाबाई म्हणाल्या.

दिवाळीपर्यंत मासा इतका वाढला की टाकीत त्याला वळता येईना. मग त्याला हौसाबाईंच्या गुरांच्या हौदात सोडलं. तो हौद पुन्हा कधी कोरडा करावा लागला नाही.