तास संपले, असं मी तिला सांगितलं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. मुंबईच्या मुलाजवळ नाही, शेजारच्या भाऊजवळ नाही, गणपतीपुळ्याला देवापुढे उभा राहिलो तेव्हा देवाजवळही नाही — तिथे मागे एवढी रांग असते की माणूस खऱ्यावर येईपर्यंत त्याला पुढे सरकवतात. आता तुम्ही वाचायला बसलायत, तर तुम्हालाच सांगतो. लिहायची मला सवय नाही. दहावी दुसऱ्या खेपेला काढली, त्यानंतर पेन धरलं ते सह्यांपुरतं.

मी जमिनीचा दलाल. आता एजंट म्हणायचं. राजापूरपासून गणपतीपुळ्यापर्यंत कुठलं नारळी-पोफळीचं आगर विकायला निघालंय, कुठल्या कातळावर कोण प्लॉट पाडतोय, कुठल्या सातबाऱ्यावर किती भाऊबंद भांडतायत — सगळं तोंडपाठ. जन्म गेला त्यात. आणि म्हातारपणी सरकारने नियम काढला की एजंटाने शिकायचं. तास करायचे, परीक्षा द्यायची, तरच नोंदणी. मोबाईलवर शिकवणार आणि कॅमेरा चालू ठेवायचा, म्हणजे डुलकी लागली तर सरांना दिसणार. हा काय न्याय झाला? आणि शिकवणार कोण, तर पुण्याचा एक पोरगा, दाढीसुद्धा नीट न फुटलेला. पोरगा चांगला होता. पण ते मला तेव्हा कुठे बघायचं होतं?

पहिल्याच दिवशी मी घोरलो. आमची ही — शेवंती — मोबाईलच्या मागे, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी, ओले काजू सोलत बसली होती. तिने पायाने मला ढोसलं. मी जागा झालो तर सर मलाच विचारत होते, "काका, ग्राहकाला जागेबद्दल काय काय सांगायचं?"

मी म्हटलं, "चांगलं चांगलं सांगायचं."

सगळे हसले. तेवढ्यात काजूच्या टोपलीमागून आवाज आला, "आणि पाणी नसलं तर तेही सांगायचं."

"हे कोण बोललं?"

"आमची मंडळी," मी म्हटलं. "तिच्याकडे लक्ष देऊ नका."

"अहो, बरोबर उत्तर आहे. त्यांना पुढे बसवा."

झालं. ती पुढे आली आणि मी मागे गेलो. कॅमेऱ्यात माझा एक कान तेवढा दिसायचा.

दुसऱ्या दिवशी बघतो तर हिने गौरीला नेसायची साडी काढलेली, केसांत अबोलीचा वळेसर. मी म्हटलं, "लग्नाला चाललीस की काय गो?"

"सरांना रोज तुमचंच थोबाड दाखवायचं होय?" ती म्हणाली, आणि माझी खुर्ची आणखी मागे सरकवली.

चौथी शिकलेली बाई. पण विचारायला लाजायची नाही. कार्पेट एरिया म्हणजे भिंती धरून की सोडून? मग आमच्या पडवीचं काय, ती घरात की बाहेर? बिल्डरने बाग दाखवली आणि मग तिथे गाड्या लावल्या तर कुणाकडे जायचं? निम्मं तिला कळायचं नाही, मग ती पुन्हा विचारायची, आणि सर पुन्हा सांगायचे. तास सुरू होण्याआधी रोज सरांना, "जेवलात का?" सांगलीच्या एकाचा घसा बसला तर त्याला काढा सांगितला. नाशिकची एक बाई तिला नव्या साडीचा काठ दाखवायची. सगळे काकी, काकी. मी आपला मागे कान घेऊन बसलेला.

इथपर्यंत गंमतच होती. पण शिकलेलं माणूस घरात गप्प बसतं का?

मुंबईचं एक जोडपं आलं. त्यांना कातळावरचा प्लॉट दाखवून आणला होता. टाचा उंचावल्या की तिथून समुद्र दिसतो. नवरा तर तिथे उभ्या उभ्या खिडक्या मोजायला लागला होता. दोघं पडवीत बसली. ही कोकम सरबत घेऊन आली आणि म्हणाली, "समुद्र दिसतो हो छान. पण आंघोळीला त्याचं पाणी चालत नाही. तिथल्या विहिरीला मार्चनंतर तळ दिसतो, मग टँकर."

त्या माणसाने पेला खाली ठेवला. त्याच्या बायकोने हिचा हात धरला, "बरं झालं सांगितलंत, काकी." — पुन्हा काकी! दोघं गाडीत बसून गेली ती गेलीच.

मी ओरडलो, "तुला कुणी विचारलं होतं गो?"

"सरांनी सांगितलंय," ती शांतपणे म्हणाली. "न विचारता सांगायचं."

पुढच्या आठवड्यात एका गिऱ्हाईकाला तिने हद्दीचा गडगा कोणत्या चुलत्याने किती आत सरकवलाय तेही सांगितलं. पाखाडीच्या पायऱ्यांपर्यंत जाऊन, हात करून दाखवलं.

त्या रात्री जेवताना मी तिला म्हटलं, "तास संपले. आता परीक्षाच."

तास संपलेले नव्हते. अजून बरेच उरले होते.

तुम्ही म्हणाल, धंद्यासाठी केलं. मीही स्वतःला तेच सांगत आलो. पण तसं नाही. गिऱ्हाईक आलं की आत बस, एवढं म्हटलं असतं तर ती बसली असती — फुरंगटून का होईना. मग काय होतं? सांगतो. आदल्या दिवशी तासाला ती यायच्या आधी मी एकटाच मोबाईलसमोर बसलो होतो. एकेक जण येत होता आणि येईल तो विचारत होता, "काकी कुठायत?" मला नमस्कारसुद्धा कुणी घातला नाही. धंदा माझा, नाव माझं, नोंदणी माझी. आणि माझ्या पोटात जळलं. कुणावर? बायकोवर. ती एवढी हसते, आणि ते माझ्यामुळे नाही. एवढंच होतं ते.

मग उरलेले तास मी मांडवीला जाऊन केले. घरी सांगायचं, जागा दाखवायला चाललोय. किनाऱ्यावर एका होडीच्या आडोशाला बसायचं, ऊन पडद्यावर येतं म्हणून डोक्यावरून पंचा घ्यायचा आणि त्याच्या आत मोबाईल धरायचा. येणारे-जाणारे थबकून बघायचे, म्हातारा वाफ घेतोय की काय. एक कुत्रं रोज शेजारी येऊन बसायचं आणि पंच्यात तोंड घालायचं. सर म्हणाले, "काका, यालाही नोंदणी करायची आहे का?" मीही हसलो. असं वाटलं, चला, आता माझ्याशी बोलतायत.

आणि लगेच सरांनी विचारलं, "काकी दिसत नाहीत?"

हे एवढं सांगायला मी इतकं लांबून आलो. काय काय म्हणता आलं असतं! बरं नाही म्हणता आलं असतं. माहेरी गेलीय म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "तिला कंटाळा आला. म्हणाली, तेच तेच काय ऐकायचं."

पडद्यावर सरांचा चेहरा असा झाला, की — जाऊ दे. "हो का," एवढंच म्हणाले. त्यानंतर काकींचं नाव कुणी काढलं नाही. मला तेच हवं होतं ना?

घरी ती विचारायची, "असे अचानक कसे संपले हो तास? सरांनी जाताना माझी काही आठवण काढली?"

"नाही," मी म्हणायचो.

"असू दे. किती माणसं असतात त्यांच्यापुढे." आणि आत जायची. थोडे दिवस तासाच्या वेळेला ती तिथे येऊन बसायची, मोबाईल नसला तरी. काजू सोलायची. मग तीही सवय सुटली. गौरीची साडी परत ट्रंकेत गेली.

परीक्षा मी काठावर काढली. हिने आख्ख्या वाडीत पेढे वाटले. प्रत्येक दारात सांगितलं, "सर फार चांगले होते हो. ह्यांच्यासारख्याला शिकवलं म्हणजे बघा." मी बरोबर होतो. पेढ्यांचा पुडा मीच धरला होता.

मागच्या पावसाळ्यात ती गेली. ताप अंगावर काढला, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. चूल आता मी पेटवतो, पण भात रोज दोघांचा होतो, माप हाताला बसलेलं आहे. ती गेली तेव्हा तिला वाटत होतं, सर आपल्याला विसरले. तिकडे सरांना वाटत होतं, काकींना आपला कंटाळा आला. दोघांच्या मध्ये मी. आणि मला सगळं माहीत.

यंदा नोंदणी नवी करायची, म्हणून उजळणीचे तास आले. तेच सर. दाढी आता चांगली फुटलीय. त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखणार कशावरून? कानावरून, की पंच्यावरून?

मधेच ते नव्या मुलांना म्हणाले, "रत्नागिरीच्या एक काकी होत्या. माझ्या अगदी सुरुवातीच्या वर्गाला. मी पुस्तकातलं भराभरा वाचत सुटायचो. त्या एवढ्या हौशीने बसायच्या, त्यासुद्धा शेवटी कंटाळून निघून गेल्या. तेव्हा फार लागलं मला. तेव्हापासून पुस्तक बाजूला ठेवतो आणि तुमच्याशी असा बोलतो. तुम्हाला झोप येत नसेल, तर ती त्या काकींची कृपा."

सगळे खळखळून हसले. एकाने टाळ्यांचं चित्र पाठवलं. कुणीतरी म्हणालं, "जबरी होत्या की काकी!"

माझं बोट माईकच्या बटणावर होतं. ते दाबायचं, आणि एक वाक्य बोलायचं. ती कंटाळली नव्हती, एवढंच.

मी दाबलं नाही. तास संपला. हजेरी लागली.